जीभ काढणारा दगड

१

कापड उचललं गेलं तेव्हा टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. कुवेतच्या मराठी मंडळात टाळ्या वस्तू बघून वाजत नाहीत, कापडाचं टोक हललं की वाजतात. त्यामुळे मखमलीवर काय ठेवलंय हे लोकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. फेर्रानच्या मात्र लगेच लक्षात आलं.

"हा तो नाही," तो म्हणाला. माइकवरच म्हणाला. टाळ्या थांबल्या.

दोन हजार एक सालचं दिवाळी मीलन होतं. जागा, हवल्लीतल्या एका शाळेचा भाड्याचा हॉल. ठरलेल्या गायिकेला व्हिसा मिळाला नाही, म्हणून कार्यकारिणीने ऐन वेळी 'युरोपातील वारसा' हा विषय काढला. रिफायनरीत वेल्डिंगचे सांधे तपासणारा फेर्रान हा स्पेनमधल्या पिरेनीज डोंगरातला. त्याच्या खेड्याचं नाव कुणालाच नीट म्हणता येत नसल्यामुळे सगळे 'फेर्रानचं गाव' म्हणत. घर रिकामं करून तो हॉटेलात उतरला होता, आणि रविवारी कुवेत कायमचं सोडून त्या गावी परतणार होता.

गावात नऊशे वर्षांचं एक चर्च होतं. पडद्यावर त्याची चित्रं दाखवत फेर्रानने तासभर सांगितलं होतं: या शैलीला रोमनेस्क म्हणतात. भिंती जाड, कारण छप्पर दुसरं कशाने तोलायचं ते तेव्हा ठाऊक नव्हतं. खिडक्या लहान, कारण मोठ्या केल्या तर भिंत बसेल. कमानी गोल. आणि छपराच्या वळचणीखाली ओळीने दगडी मुंडकी. पाथरवटांनी गावातलीच माणसं कोरलेली. एक पाद्री, एक दारुडा, एक दाढदुखीवाला, आणि एक येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ काढून दाखवणारा.

त्या शेवटच्याची जागा मात्र रिकामी होती. यादवी युद्धाच्या धामधुमीत फेर्रानच्या आजोबांनी ते मुंडकं काढून घरी नेलं. आजोबा म्हणत, वाचवलं. गाव म्हणे, चोरलं. आता चर्च सरकारी वारसा यादीत जाणार होतं आणि फेर्रान, आजोबांमागून त्याच्याकडे आलेलं आणि कुवेतलाही बरोबर आणलेलं ते मुंडकं परत बसवायला घेऊन निघाला होता. वाटेत, शेवटचं म्हणून, मंडळाला दाखवत होता.

पडद्यावर ते मुंडकं अजून भिंतीएवढं दिसत होतं. काळपट, बटबटीत डोळ्यांचं, जीभ बाहेर. खाली मखमलीवर मात्र साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा एक पांढुरका दगड होता. त्याला डोळे नव्हते, नाक नव्हतं. जीभ तर अजिबातच नव्हती.

"कुणीतरी बदलला," फेर्रान म्हणाला.

आणि दोनशे माणसं एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागली.

२

पोलिसांत जायचं तर आधी कार्यक्रम झाला हे कळवावं लागलं असतं, आणि कार्यक्रमाची परवानगी 'शालेय पालकसभा' या नावाने घेतलेली होती. म्हणून त्याच रात्री कार्यकारिणीने ठराव केला की चौकशी घरातल्या घरात व्हावी आणि ती राजनने करावी.

राजन मूळचा पुण्याचा. रिफायनरीत गंजतज्ज्ञ. पाइप फुटला, टाकी गळली की तो का फुटला आणि कुणामुळे, याचा अहवाल तो लिही. वीस वर्षांत त्याने बरेच अहवाल लिहिले होते आणि त्यातल्या बहुतेकांचा शेवट 'कामगाराची चूक' या दोन शब्दांनी होत होता. कंपनीला हे शब्द आवडत. स्वस्त पडत.

"राजन, तुझ्यासारखा तटस्थ माणूस नाही," मंडळाचे अध्यक्ष सुशांतराव म्हणाले. "आणि खरं सांगू का, फार काही शोधायचंच नाहीये. दगडाचा डबा नेला-आणला कुणी? तौफीकने. हॉलमधल्या खोलीची किल्ली कुणाकडे? तौफीककडे."

तौफीक श्रीवर्धनकडचा. सुलैबियातल्या एका कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होता आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या, भांडी, पाहुणे वाहून न्यायचा. बुधवारी त्याने शर्कमधल्या हॉटेलवरून फेर्रानचा लाकडी डबा घेतला, सजावटीच्या सामानाबरोबर राजनच्या घरी ठेवला आणि गुरुवारी दुपारी तिथून हॉलवर नेला.

"तौफीकच्या मालकाला सांगायची घाई नको," राजन म्हणाला.

सुशांतरावांनी चष्मा पुसला. "मी फक्त कानावर घातलं रे. मघाशीच. फोनवर."

कानावर घातल्याचा परिणाम सकाळी कळला. मालकाची सरकारी कागदपत्रं बघणारा मंदूब शुक्रवारी सुट्टी असूनही कामगारांच्या खोल्यांवर गेला आणि तौफीकचा बताका, म्हणजे कुवेतचं ओळखपत्र, आणि लायसन काढून घेऊन आला. शनिवार संध्याकाळपर्यंत दगड मिळाला नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, आणि पहिल्या विमानाने घरी. कुवेतचं लायसन मिळवताना तौफीक किती वेळा नापास झाला होता हे त्याने सांगायचंही सोडून दिलं होतं. ते एकदा गेलं की तो पुन्हा कुवेतला आला तरी हमाल म्हणूनच येणार होता.

राजन हे फोनवर ऐकत होता तेव्हा शीला टेबलावर फराळाचे डबे भरत होती. मंडळाची सजावट समिती म्हणजे शीला. तिच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गरगरत बाथरूमच्या दारापर्यंत गेलं.

"शनिवार म्हणजे उद्याच," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर निघतोय."

"अहो, ऐका ना..."

"आल्यावर." राजनने झाकण उचलून दिलं. बाथरूमच्या दाराबाहेर कायम असणारं पायपुसणं आज आत, मधोमध पसरलेलं होतं. तो त्याला अडखळला, आणि निघाला.

३

सुशांतरावांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट होतं. त्यात बर्लिनच्या भिंतीचा तुकडा होता, इजिप्तचा भुंगा होता, बामियानकडची असावी अशी एक माती होती. प्रत्येकासमोर छापील चिठ्ठी. एक खण रिकामा होता आणि तिथली धूळ नुकतीच पुसलेली होती.

"हा कुणासाठी?" राजनने विचारलं.

"असाच."

"ऑक्टोबरात कँटीनमध्ये तुम्ही फेर्रानला म्हणालात, किंमत बोल."

"विचारलं. विचारणं हा गुन्हा आहे का? तो म्हणाला, माझा नाही, गावाचा आहे. आता गावाची वस्तू घेऊन हा आठ वर्षं कुवेतमध्ये बसलाय, तेव्हा मला वाटलं, भावात घासाघीस चाललीये." सुशांतराव पुढे झुकले. "खरं सांगू का राजन, त्यांना काय कौतुक त्या चर्चचं! आपल्याकडे नऊशे वर्षांच्या देवळाला लोक ऑइल पेंट मारतात आणि वर देणगीदाराचं नाव. बोंब नाही काही नाही."

"गुरुवारी कार्यक्रमाआधी तुम्ही त्या खोलीत गेला होतात. एकटे. तौफीककडून किल्ली मागून घेतलीत."

सुशांतरावांचा चेहरा आकसला. आतल्या खोलीकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "थर्मास होता."

"कसला?"

"चहाचाच. म्हणजे थर्मास चहाचा. आत... अरे, भाषण करायचं होतं मला! दोनशे माणसांसमोर! घरी द्राक्षाचा रस ठेवतो आम्ही बरणीत, तो जरा आंबतो आपोआप." कुवेतमध्ये दारूला बंदी होती; ते घामाघूम झाले. "दोन घोट घेतले नि बाहेर आलो. दगडाकडे बघितलंसुद्धा नाही. हे अहवालात लिहिणार का तू?"

राजनने त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस खोटं बोलत असता तर यापेक्षा बरं खोटं बोलला असता.

"मग तौफीकचं नाव इतक्या घाईने का कळवलंत?"

"कारण किल्ली त्याने मला दिली होती ना," सुशांतराव पुटपुटले. "त्याला आधी कुणी विचारलं असतं तर त्याने माझं नाव सांगितलं असतं."

मग दारापर्यंत सोडायला येताना ते एकदम म्हणाले, "माझ्याआधी आत कुणीतरी येऊन गेलं होतं. डब्याची कडी उघडी होती. आणि खोलीला मातीचा वास येत होता. शाळेत चित्रकलेच्या तासाला येतो तसा."

४

चित्रकलेचा तास सलोनी घ्यायची. नाशिकची. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये, ती हवल्लीतल्याच एका भारतीय शाळेत. हुबेहूब प्रतिकृती करण्यात तिचा हात कुवेतमध्ये कुणी धरला नसता. मंडळाच्या शिवजयंतीला तिने केलेल्या प्लास्टरच्या तोफेमुळे हॉलच्या चौकीदाराने एकदा खरोखर पोलिसांना फोन लावला होता.

"तुम्ही याल असं वाटलंच होतं," तिने दार उघडतानाच सांगितलं. "हो. मी डबा उघडला होता."

"किल्ली?"

"मागची खिडकी. शाळेच्या खिडक्या कशा उघडतात हे शिक्षकांना माहीत असतं." ती हसली नाही. "मला साचा घ्यायचा होता. मऊ माती आणली होती. फेर्रानला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि बरोबरच म्हणाला असता. पण राजनदादा, रोमनेस्क मुंडकं मला परत कुठे हाताला लागणार होतं? पुस्तकांत बघून बघून डोळे गेले. त्या पाथरवटांना शरीरशास्त्र येत नव्हतं, म्हणूनच ते चेहरे इतके जिवंत. पुढचे शिल्पकार शिकले आणि संपलं. आणि तसली चर्चसुद्धा फार उरली नाहीत. जिथे पैसा आला तिथे लोकांनी ती पाडून नव्या पद्धतीची बांधली. याचं गाव नऊशे वर्षं गरीब राहिलं, म्हणून ते राहिलं."

"साचा घेतलात?"

"कशाचा घेणार?"

"म्हणजे?" राजनने विचारलं.

"मी डबा उघडला तेव्हा दगड असाच होता," सलोनी म्हणाली. "गुळगुळीत. मला वाटलं, फेर्राननेच लबाडी केली. खरा लपवून आपल्याला गोटा पाठवला. मग म्हटलं, बोलले तर खिडकी सांगावी लागेल. गप्प बसले. रात्री कळलं की तौफीकभाईंवर आलं. तेव्हापासून तुमचा नंबर लावते आणि ठेवते."

"तुम्ही किती वाजता..."

"खुर्च्या लागत होत्या. सुशांतराव यायच्या आधी. राजनदादा, बदलला असेल तर तो हॉलमध्ये बदललेला नाही. हॉलवर तो तसाच आला."

म्हणजे अध्यक्ष सुटले होते आणि शिक्षिका सुटली होती. उरला तो डबा हॉलवर आणणारा माणूस. राजनला अहवालाचे शेवटचे दोन शब्द समोर दिसायला लागले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच ते त्याला आवडले नाहीत.

५

सुलैबियातल्या खोलीत तौफीक खाली बसून नमाजाची चटई गुंडाळत होता. राजनला बघून त्याने ती पुन्हा पसरली, बसायला म्हणून, आणि मग काहीतरी लक्षात येऊन खुर्ची आणली.

"चाय सांगू, साहेब?"

"नको. तौफीक, मला सरळ सांग..."

"मी नाय नेला." तो शांतपणे म्हणाला. "आमच्या श्रीवर्धनला दगडांची काय कमी हाय? आनि नेऊन करू काय? मुंडकं ते. आमच्यात घरात ठेवत पन नाहीत. बुधवारी त्या फिरंगी साहेबांनी डबा देताना उघडून दाखवला. जीभ काढून मलाच वेडावत होता. मी म्हटलं, लेका, तू हसून घे."

"वाटेत कुठे थांबलास?"

"नाय. डबा असा घट्ट होता की आवाज नाय. आत मापाची खाच केलेली, त्यात दगड बसलेला. बुधवारी मुका होता डबा. गुरुवारी उचलला तवा आत खुळखुळत व्हता, म्हणून गाडी सावकाश..."

त्याचा हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

"गुरुवारी खुळखुळत होता?" राजन म्हणाला. "कुठून उचललास तेव्हा?"

तौफीकने चटईची कड सरळ केली.

"तौफीक."

"साहेब, गावी माझी बायको जुलेखा बाळंत झाली तवा शीलावहिनींनी डिंकाचे लाडू करून पाठवले होते. विमानाने. माझ्या बहिनीने केले नाहीत तेवढे केले." त्याने वर बघितलं नाही. "मला गावी पाठवायचं तर पाठवा. गाडी नाय तर होडी चालवीन. पन गुरुवारी मी डबा कुठून उचलला ते तुम्ही मला विचारू नका. तुम्हाला माहीत हाय."

राजनला माहीत होतं. गुरुवारी तौफीकने तो डबा एकाच ठिकाणाहून उचलला होता.

६

संशय घरापर्यंत आला की माणूस घरी जात नाही. राजन शर्कला गेला.

हॉटेलच्या खोलीत फेर्रानने सामान बांधून ठेवलं होतं. टेबलावर तो पांढुरका दगड होता आणि शेजारी उघडा डबा. राजनने दगड डब्यातल्या खाचेत ठेवला. सगळीकडून बोट जाईल एवढी फट राहिली. डबा हलवला. खुळखुळला.

"मी गावाला काय सांगू?" फेर्रान म्हणाला. "माझ्या आजोबांना लोकांनी मरेपर्यंत चोर म्हटलं. मी म्हणालो होतो, मी परत आणतो, मग ठरवा. वसंतात वारसा खात्याचे लोक येणार आहेत. म्हाताऱ्यांनी वर्गणी काढून पाथरवट बोलावलाय. सत्तर वर्षांच्या वरच्या लोकांनीच ते मुंडकं बघितलंय. लहानपणी चर्चमधून बाहेर पडताना ते सगळे त्याला उलट जीभ काढून दाखवायचे. आमचा गावचा रिवाज होता तो."

राजनने दगड उलटा केला.

मागच्या बाजूला लोखंडी सळई होती. बोटाएवढी जाड.

"ही खऱ्याला होती?"

"होती. शंभर-एक वर्षांपूर्वी डागडुजी करताना भिंतीत अडकवायला बसवलेली. पण ती गंजून लाल झाली होती. आणि दगडाबाहेर जेमतेम नखाएवढी होती."

आता ती दोन बोटं बाहेर होती. आणि गंज नव्हता. करडी, स्वच्छ, चकचकीत.

राजन पलंगाच्या कडेला बसला. चोर दगड बदलतो तेव्हा मिळेल तो दगड ठेवतो. मागे सळई बसवत बसत नाही. म्हणजे हा दुसरा दगड नव्हताच. हे तेच मुंडकं होतं. सळई वाढलेली नव्हती, भोवतालचा दगड कमी झाला होता. दगड चुनखडीचा, आणि चुनखडी खातं ते ॲसिड.

पण कुठलंही ॲसिड लोखंडही खातं. सळईला खड्डे पडले असते, ती काळी पडली असती. गंज तेवढा नेऊन खालच्या लोखंडाला हात न लावणारं ॲसिड दुकानात मिळत नाही. रिफायनरीत बॉयलरच्या नळ्यांतला क्षार काढायला ते वापरतात. त्यात लोखंडाला सांभाळणारं एक रसायन मिसळलेलं असतं, आणि किती मिसळायचं हे ठरवणारा माणूस त्या रिफायनरीत एकच होता. त्याच्या घरी, गीझर आणि नळ साफ करायला म्हणून, त्या ॲसिडचा एक निळा कॅन बाथरूममध्ये कायम असायचा.

"काय झालं?" फेर्रानने विचारलं.

"उद्या सकाळी सांगतो," राजन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखाद्या बिघाडाचं कारण पूर्ण कळलं होतं, आणि अहवाल लिहिण्याची अजिबात इच्छा नव्हती.

७

शीला स्वयंपाकघरात उभी होती. राजन सरळ बाथरूममध्ये गेला आणि पायपुसणं उचललं. खालच्या चकाकत्या फरशीवर बादलीच्या तळाएवढं एक वर्तुळ उठलं होतं. खरखरीत, पांढरं.

"मी सांगणार होते," ती मागून म्हणाली. "हॉलमध्ये सांगणार होते, तर तुम्हालाच चौकशीला नेमलं. मग म्हटलं, घरी सांगते. मग सकाळी तौफीकचं कळलं, तेव्हा तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, आल्यावर."

"का केलंस?"

"दिवाळी होती हो! समया, तांब्या, नळाच्या तोट्या, सगळं घासत होते. त्या डब्यात बघितलं तर ते काळंकुट्ट, शेवाळलेलं. कानात माती. दोनशे लोकांसमोर मखमलीवर असं ठेवायचं? पाहुण्याची वस्तू! मला वाटलं, घासून दिलं तर बिचाऱ्याला बरं वाटेल." ती पाटावर बसली. "बादलीत फसफसायला लागलं. मला वाटलं, मळ निघतोय. आपल्या नळांचा निघतो तसाच फसफसत होता. म्हटलं, रात्रभर राहू दे. सकाळी हात घातला तर नाकच लागेना. मी बादलीच्या तळाशी नाक शोधत होते, राजन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"आणि मग तसाच पाठवलास."

"मला वाटलं, लांबून कळणार नाही." ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "तौफीकने डबा उचलला, हलवला, माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. 'येतो वहिनी' म्हणाला. त्याला तेव्हाच कळलं होतं काहीतरी. आणि मी आज दिवसभर फराळाचे डबे भरत बसले."

"त्या कॅनला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं मी..."

"विचारलं होतं."

राजन वळला.

"बुधवारी. तुम्ही बातम्या बघत होतात. मी दारात उभी राहून विचारलं, अहो, यावर निळ्या कॅनमधलं चालेल का? तुम्ही म्हणालात, खुशाल टाक. वस्तूला काही होत नाही, नुसता क्षार जातो."

राजनला आठवेना. बातम्या आठवत होत्या. वाक्यही ओळखीचं होतं, तो ते वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आला होता, सेमिनारांतसुद्धा. वस्तूला काही होत नाही. नळ लोखंडाचा असतो आणि क्षार वरून चढलेला. हा दगड मात्र सगळाच क्षार होता. कुणीतरी नऊशे वर्षांपूर्वी त्याला डोळे कोरले होते, एवढंच.

"मी मान वर केली होती का?" त्याने विचारलं.

"नाही."

८

शनिवारी सकाळी दोघं आधी सुलैबियाला गेली. मंदूबला राजनने सांगितलं की दगड सापडला आहे, चोरी झालेली नाही, आणि जे झालं ते त्याच्या घरात त्याच्या सांगण्यावरून झालं. मंदूबला चोर नसल्याचं ऐकून थोडी निराशा झाली. त्याने बताका आणि लायसन टेबलावर सरकवलं. तौफीकने ते उचलून खिशात ठेवलं, खिशावर हात ठेवला, आणि शीलाकडे न बघता म्हणाला, "वहिनी, उगाच आलात एवढ्या लांब."

मंडळाच्या बैठकीत राजनने अहवाल तोंडी दिला. सुशांतराव मध्येच म्हणाले, "हे बाहेर जायला नको. आपण असं म्हणू की दगड मुळात ठिसूळ होता." अर्ध्या लोकांनी माना हलवल्या. सलोनीने विचारलं, "आणि तौफीकभाईंचं नाव बाहेर गेलं, ते परत कसं आणायचं?" त्यावर ठराव झाला नाही.

हॉटेलवर फेर्रानने सगळं ऐकून घेतलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने सळईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काम मात्र चांगलं झालंय. लोखंडाला ओरखडा नाही." कौतुक होतं की शिवी, हे राजनला अजून ठरवता आलेलं नाही. मग फेर्रानने शीलाला विचारलं, "तुम्ही त्याला नीट बघितलंत? बादलीत टाकायच्या आधी?"

"बघितलं," शीला म्हणाली. "मी त्याला म्हटलं, जीभ आत घाल, लोक येणारेत."

फेर्रान तेव्हा हसला. नंतर खिडकीजवळ जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

त्याने तो दगड नेला. मेमध्ये फोन आला. गावच्या पाथरवटाने नवा चेहरा कोरायची तयारी दाखवली होती, वारसा खात्याने मनाई केली. जे उरलंय तेच खरं, त्यावर आपलं कोरणं म्हणजे खोटेपणा, असं त्यांचं म्हणणं. पाद्री, दारुडा आणि दाढदुखीवाला यांच्या ओळीत तो गुळगुळीत गोटा बसवला गेला. सळई पुरेशी बाहेर असल्याने बसवायला सोपं गेलं. म्हातारी माणसं त्याच्याखाली उभी राहिली आणि त्यांनी, नेमाप्रमाणे, त्याला जीभ काढून दाखवली.

"तू त्यांना काय सांगितलंस?" राजनने विचारलं.

"काही नाही. कुणी विचारलंच नाही. आता ते म्हणतात, तेव्हाच तो झिजत चालला असणार, म्हणूनच आजोबांनी वाचवायला काढून नेला. बिचाऱ्याने उगाच बोल खाल्ले." मग म्हणाला, "मी गप्प बसलो. आजोबा सुटले, तू सुटलास."

मागून पोस्टाने फोटो आला. चर्च यादीत गेलं होतं, भिंतीपाशी पाटी होती आणि प्रत्येक मुंडक्यापुढे एक ओळ. शेवटच्या मुंडक्यापुढची ओळ फेर्रानने भाषांतर करून पाठवली होती: 'चेहरा कालौघात झिजलेला.'

राजनने वीस वर्षांत लिहिलेल्या अहवालांपेक्षा ते वाक्य चांगलं होतं. त्यात कुणाचीच चूक नव्हती. त्याने फोटो फ्रिजवर लावला, शीलाने तो दोनदा काढला आणि दोन्ही वेळा परत लावला.

तौफीक अजून मंडळाचं सामान नेतो. पूर्वी तो डबे उचलून 'येतो वहिनी' म्हणून निघायचा. आता दारात थांबतो. प्रत्येक डब्याची कडी काढतो, झाकण उघडतो आणि डबा शीलासमोर धरतो. आत पणत्या असतील, चकल्या असतील, काहीही.

"बघून घ्या, वहिनी," तो अगदी अदबीने म्हणतो.

आणि शीला वाकून बघते. प्रत्येक डब्यात. तळापर्यंत.